नीटला ३७१ आले, एमबीबीएस सोडून काय काय करता येतं? माहिती हवी आहे

द्राक्षबाग | १७ जून २०२५, रात्री ११:४०
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या. लेकीचा नीटचा निकाल लागला, ३७१. आम्ही तासगावकडचे, फॉर्म ओपनमधून भरलाय, बारावी स्टेट बोर्ड, पीसीबीला ७८ टक्के. एमएचटी सीईटी पण दिली आहे, नर्सिंगची दिलेली नाही. घरात सध्या सुतक पडल्यासारखं आहे, ती गप्प आणि तिची आई तिच्याहून गप्प. थोरले बंधू म्हणतात रिपीट करू दे, लातूरला टाक. मेहुणा म्हणतो जॉर्जियाला पाठव, त्याच्या ओळखीचा एजंट आहे. शेजारचे गुरुजी म्हणतात बीएएमएस कर, नावापुढे डॉक्टर लागल्याशी मतलब. आणि पोरगी म्हणते मला पेशंटसोबतच काम करायचंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. फिजिओ, ओटी, फार्मसी, बीपीएमटी अशी नावं कानावर येतायत, त्यात माणूस दिवसभर काय करतो ते आमच्या भावकीत कुणाला सांगता येईना. वर्षाला दीड-दोन लाखाच्या पुढं झेपणार नाही, बागेचं कर्ज डोक्यावर आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

मेरिटलिस्ट | १८ जून, सकाळी ७:०५
दादा, पहिली गोष्ट म्हणजे ३७१ हा आकडा डोक्यातून काढा आणि रँक बघा. मार्कांची तुलना गेल्या वर्षीशी करूच नका. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारी कितीतरी पोरं होती, यंदा देशात पहिल्या आलेल्याला ६८६ आहेत. पात्रतेचा आकडा ओपनला तेव्हा १६२ होता, यंदा १४४. फिजिक्सने यंदा भल्याभल्यांना रडवलंय. तेव्हा व्हॉट्सॅपवर जे "मागच्या वर्षीचे कटऑफ" फिरतायत त्यातले मार्क बघून कुणी रडू नये आणि कुणी पेढेही वाटू नयेत, त्यात रँकचा कॉलम असेल तर तेवढाच बघा. पुढे सीईटी सेलची नोंदणी झाली की राज्याच्या मेरिट लिस्टमधला नंबर येईल, ज्याला पोरं एसएमएल म्हणतात, खरा हिशोब त्यावर.

बाकी ओपनमधून सरकारी एमबीबीएसचा विचार या मार्कांवर सोडून द्या. प्रायव्हेट एमबीबीएस तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर. पण नीटचा स्कोअर फक्त एमबीबीएसला लागतो असं नाही ना. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस, मग फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, बीएएसएलपी (ऐकणं-बोलणं यातले दोष), प्रोस्थेटिक्स (कृत्रिम हातपाय), हे सगळं आपल्या राज्यात नीटवरच आहे आणि सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधूनच, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतूनच भरतं. जनावरांचे डॉक्टर पण नीटवरच, फक्त त्याचा फॉर्म वेगळा, नागपूरच्या माफसूचा, म्हणजे पशुवैद्यकीय विद्यापीठाचा.

केईएमची_आक्का | १८ जून, दुपारी २:२०
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी. पेशंट सोडा, हॉस्पिटलातली माणसंही ओटी म्हटलं की ऑपरेशन थिएटर समजतात त्यामुळे सवय आहे :)

दिवसभर काय करतो म्हणून विचारलंत, हा प्रश्न फार लोक विचारत नाहीत, सगळे पगार विचारतात, म्हणून जरा लांबण लावते. परवाचंच सांगते. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, उजव्या अंगावरून वारं गेलेलं, फिजिओने त्यांना उभं केलं, चार पावलं चालवलं, घरचे खूश. पण माणूस खूश नाही. का तर शर्टाची बटणं सून लावते. आता बटण लावायला काय लागतं बघा, अंगठा आणि तर्जनी चिमटीत यायला हवी, मनगट थोडं मागे उचललेलं राहायला हवं, दुसऱ्या हाताने काज धरून ठेवायचं, आणि नजर खाली गेली तरी तोल जाता कामा नये. आम्ही आधी मोठ्ठी बटणं लावलेल्या फळीवर सराव घेतो, मग सैल काजांचा शर्ट, मग त्यांचा स्वतःचा. हाताला आधार द्यायला जो स्प्लिंट लागतो तो गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यातून आम्हीच कापून त्यांच्या हातावर घडवतो. याशिवाय ऑटिझमची मुलं, भाजलेल्या पेशंटचे आखडलेले हात, मशिनमध्ये बोटं गेलेले कामगार, मानसोपचार वॉर्ड. म्हणजे शरीराचं अर्धं आणि माणसाच्या रोजच्या जगण्याचं अर्धं असं हे काम आहे.

भारतात हे शिक्षण सुरू झालं तेच मुळी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात, १९५० साली, कमला निंबकर यांनी सुरू केलं. जन्माने अमेरिकन बाई, लग्न करून निंबकर झाल्या आणि इथलं ओटी उभं केलं. आता केईएम, नायर, सायन आणि नागपूर मेडिकल इथे सरकारी किंवा महापालिकेचे कोर्स आहेत, फी प्रायव्हेटच्या मानाने अगदी कमी. सीट्स मात्र मोजक्याच असतात. फिजिओच्या मागे सगळे धावतात, ओटी यादीत खाली टाकतात, त्यामुळे थोडा मागचा नंबरही कधीकधी चांगल्या कॉलेजात लागून जातो.

कमी काय ते पण सांगते. लहान गावात ओटीची नोकरी जवळजवळ नाही. मुंबई, पुणे, नागपूर किंवा मग परदेश. लेकीला तासगावातच दवाखाना काढायचा असेल तर आधी फिजिओचा विचार करा.

गुडघेदुखी | १८ जून, दुपारी ३:१०
+१ आक्का. मी फिजिओ, मिरजेला. फिजिओत लोकांना वाटतं नुसतं मालिश आणि शेक. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची छाती मोकळी करायला पहाटे आम्हीच जातो, हे ऍडमिशन घेईपर्यंत पोरांना माहीतच नसतं, मग सेकंड इयरला तोंडं उतरतात. कोर्स साडेचार वर्षांचा होता, इंटर्नशिपचे सहा महिने धरून, आता राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात वर्षाची इंटर्नशिप धरून पाच वर्षं आहेत. सुरुवातीचा पगार वाचून दुःख होईल म्हणून लिहीत नाही. एमपीटी म्हणजे फिजिओतली मास्टर्स करावीच लागते आणि स्वतःचं क्लिनिक बसायला चार-पाच वर्षं जातात. पण बसलं की बसलं. आमच्याकडे ऊसतोड आणि द्राक्षबागेतली माणसं, कंबर आणि खांदे घेऊन, रांगा लागतात.

कडुलिंब | १८ जून, रात्री ९:३०
बीएएमएस, २००९ बॅच. "नावापुढे डॉक्टर लागल्याशी मतलब" म्हणून येणाऱ्यांनी कृपया येऊ नये. पहिल्याच वर्षी संस्कृत, पदार्थविज्ञान (हे फिजिक्सवालं नव्हे), संहिता, आणि सोबत रचना शारीर म्हणजे अख्खी ऍनाटॉमी, डिसेक्शनसकट. साडेचार वर्षं अधिक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे वेळ एमबीबीएसएवढाच जातो. ज्यांना मनातून एमबीबीएसच हवं होतं ती मुलं चरकाचे श्लोक पाठ करताना इतकी चिडतात की बघवत नाही. ज्यांना आवड आहे ती मात्र फार पुढे जातात, पंचकर्म, क्षारसूत्र, एमडी.

नोकऱ्या आहेत. १०८ च्या ऍम्ब्युलन्सवर २०१४ पासून बहुतांश आमचेच लोक आहेत, शाळा-अंगणवाड्या तपासणारी आरबीएसकेची पथकं आहेत, उपकेंद्रावरचे सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. कंत्राटी जास्त, कायम कमी. आणि मुंबई-पुण्यात हॉस्पिटलात आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून रात्र काढणारेही आमचेच.

रात्रपाळी | १८ जून, रात्री ११:५५
कडुलिंब, वाईट वाटून घेऊ नका पण आयुर्वेद शिकून पुढे ऍलोपॅथीच्याच गोळ्या लिहायच्या असतील तर साडेपाच वर्षं कशाला घालवायची? तिकडे होमिओपॅथीवाल्यांच्या सीसीएमपीवरून, म्हणजे ऍलोपॅथीच्या औषधांच्या सर्टिफिकेट कोर्सवरून वाद चाललाय, इकडे तुम्ही. पालकांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

कडुलिंब | १९ जून, सकाळी ८:१५
साहेब, ज्या गावात तुमचा एमबीबीएस मित्र सरकारी सेवेच्या बॉण्डचं एक वर्ष टाळून मोकळा होतो त्या गावात रात्री दोन वाजता दार कोण उघडतं ते पण पालकांना स्पष्ट सांगा. मी स्वतः गोळ्या लिहीत नाही, माझी प्रॅक्टिस शुद्ध आयुर्वेदाची आहे. असो. धागा भरकटायला नको.

भाकड_म्हैस | १९ जून, दुपारी १:००
कुणी व्हेटर्नरीचं नावच घेईना म्हणून हजर झालो. मी बीव्हीएससी, शिरवळचा माजी विद्यार्थी. राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी जुनी सरकारी कॉलेजं आहेत. मुंबईचं परळचं तर १८८६ पासूनचं. साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. सरकारी कॉलेज असल्याने फी शेतकऱ्याला झेपेल अशी. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, नाहीतर डेअरी, पोल्ट्री, औषध कंपन्या, शहरात कुत्री-मांजरं.

पोरीला जमेल का असं तिच्या आईने विचारायच्या आत सांगतो. आमच्या वर्गात मुली भरपूर होत्या आणि अडलेली गाय सोडवायला ताकदीपेक्षा हात बारीक असलेला बरा पडतो. वासराचे पुढचे दोन पाय आणि मान एका रेषेत आहे का हे खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपायचं, मान मागे वळलेली असली तर आधी पाय आत ढकलून जागा करायची, मग जबड्याला दोरी लावून मान सरळ करायची, आणि हे सगळं गाय कळा देत असताना, तुमचा हात तिच्या कटीच्या हाडात चेंगरत असताना. बाहेर मालक, मालकाचा भाऊ आणि अर्धी वाडी सल्ले देत उभी. वासरू बाहेर पडून फुरफुरलं की जो चहा मिळतो त्याला तोड नाही. माणसांचे डॉक्टर आमच्याकडे खालच्या नजरेने बघतात, पण आमचा पेशंट गूगल करून येत नाही.

कटऑफ मात्र कमी नसतो, ओपनला बऱ्यापैकी वर जातो. तरी फॉर्म भरून ठेवा, आणि माफसूच्या साईटवर लक्ष ठेवा, ते सीईटी सेलच्या पोर्टलवर दिसणार नाही.

लातूर_पॅसेंजर | १९ जून, रात्री १०:२५
रिपीटच्या बाजूने कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, मी लातूरला फिजिक्स शिकवतो. रिपीट वाईट नाही, पण कुणी करावं? ज्याचं बायो ३०० च्या पुढे आहे आणि फिजिक्स-केमिस्ट्रीत मार खाल्लाय त्याने खुशाल करावं, कारण ३६० पैकी एवढं बायो हातात असलं की वर्षभर बाकीच्या दोघांवर काम करता येतं. ज्याचे तिन्ही विषय मधलेच आहेत आणि जो दोन वर्षं आधीच इंटिग्रेटेडमध्ये (कॉलेज आणि क्लास एकत्र) पिचून निघालाय त्याचे रिपीटनंतरही फार वाढलेले मी पाहिले नाहीत. दादा, लेकीचे विषयवार मार्क लिहा.

आणि स्टेट बोर्डाच्या मुलांना एक सांगतो. नीट एनसीईआरटीवर येते आणि एमएचटी सीईटी आपल्या बोर्डाच्या पुस्तकावर, तीही २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी असा हिशोब धरून. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, नीटला एक चुकला की एक वजा. मुलं दोन्हीची तयारी एकाच पद्धतीने करतात, आणि सीईटीत ठोकून द्यायची सवय लागली की नीटमध्ये तीच नडते. यंदापासून सेक्शन बीचे पर्यायी प्रश्न पण गेले, १८० प्रश्न, १८० मिनिटं, सगळे सोडवायचे. बायोचे ९० प्रश्न ४५-५० मिनिटांत उरकले तरच फिजिक्सला वेळ उरतो. पेपर दुपारी २ ते ५ असतो. मे महिन्यात, जेवण करून. आमच्याकडची मुलं पहाटे पाचला उठून सराव पेपर देतात, ताजंतवानं डोकं, आणि खऱ्या पेपरला साडेतीनला पेंगतात. शेवटचे दोन महिने टेस्ट दुपारी दोनलाच द्यायच्या, पेनाने गोल भरत, मोबाईलवर नाही.

द्राक्षबाग | २० जून, सकाळी ६:५०
सगळ्यांचे आभार. विषयवार परसेंटाईल बघून उत्तरपत्रिकेशी ताळा घातला, बायो २२८, केमिस्ट्री ९३, फिजिक्स ५०. सर, तुमच्या हिशोबाने आमचं तिन्ही मधलंच दिसतंय. जॉर्जियाबद्दल कुणी सांगेल का, मेहुणा रोज फोन करतोय.

परदेशवारी | २० जून, सकाळी ११:३०
माझा भाचा किर्गिझस्तानला आहे म्हणून माहिती आहे. एजंट जे सांगत नाही ते सांगते. आपल्या मेडिकल कमिशनचे २०२१ चे नियम आहेत, त्यानुसार कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा हवा, शिकवणं इंग्रजीतून हवं, त्याच देशात १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्यांची इथली पात्रता परीक्षा, पास व्हायची आणि मग इथे पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. एफएमजीईत बसणाऱ्यांपैकी पास कमी आणि नापास जास्त असंच चित्र वर्षानुवर्षं आहे. वॉर्डात पेशंट तिथली भाषा बोलतो, मग रशियन किंवा जॉर्जियन शिकल्याशिवाय हिस्ट्री घेता येत नाही. फीचा आकडा एजंट एक सांगतो, त्यात हॉस्टेल, व्हिसा, विमान, आणि परत आल्यावरच्या क्लासची फी धरलेली नसते. वाईट आहे असं म्हणत नाही, भाचा मेहनती आहे, करेल. पण बागेवर आधीच कर्ज असताना नको वाटतं.

दुर्बीण | २० जून, दुपारी ४:४५
टेक्निशियनची लाईन पण बघा. आमच्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीएमटी सरकारी मेडिकल कॉलेजातून होते, लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर टेक्निशियन, कार्डिओ असे विभाग आहेत. कॅथलॅब आणि डायलिसिसला माणसं मिळत नाहीत अशी परिस्थिती आहे, जिल्हा रुग्णालयात पण डायलिसिसच्या मशिनी बसल्यात.

फक्त एक. "डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करा आणि स्वतःची लॅब टाका" असं सांगणारे क्लासवाले भरपूर आहेत. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या डॉक्टरचीच. लॅब तुमची, मशीन तुमचं, सही मात्र दुसऱ्याची. आणि एखाद्या कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर भरणारा कोर्स असेल तर पैसे भरायच्या आधी कौन्सिलकडे नोंदणी होते का ते विचारा. लेखी विचारा.

द्राक्षबाग | २० जून, रात्री ९:१०
(बाबांच्या आयडीवरून मीच लिहितेय, त्यांची लेक)
सगळे काका-काकू, दादा-ताई, थँक्यू. सगळं वाचलं. आक्का, तुमची पोस्ट मी आईला पण वाचून दाखवली. मला रिपीट नाही करायचंय, दोन वर्षं झाली सकाळी सहा ते रात्री दहा तेच चाललंय आणि आता पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. माझे दोन प्रश्न आहेत. मी सेमी इंग्लिशची, लिहिता येतं पण बोलायचं म्हटलं की त त प प होतं, तर फर्स्ट इयरला व्हायवा वगैरे कशी होते? आणि डिसेक्शन मला जमेल का, म्हणजे चक्कर येते का सगळ्यांना? कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे तोवर मी काय वाचू?

स्प्लिंटवाली | २० जून, रात्री १०:४०
हाय! मी सेकंड इयर बीओटीएच (ओटीची डिग्री), मुंबई, मूळची बीडची, दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियम, सेमी पण नाही. चक्कर बहुतेकांना येत नाही, डोळे चुरचुरतात फॉर्मलिनने, आणि पहिले दोन दिवस डबा खाववत नाही. तिसऱ्या दिवसापासून सगळे टेबलाभोवती उभं राहून मेसच्या भाजीला नावं ठेवतात. पोट रिकामं ठेवून जायचं नाही, चक्कर येते ती त्याने.

व्हायवाचं खरं सांगू का, सरांना तुझं इंग्रजी नको असतं, त्यांना हाड हातात दिल्यावर ते उजवं का डावं, कुठला भाग वर, कुठला स्नायू कुठे चिकटतो हे पटापट हवं असतं. ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं तरी चालतं. अडकते तर ती लांब उत्तरं लिहिताना, कारण आपण नीटसाठी दोन वर्षं नुसते गोल भरलेत आणि आता आठ-आठ पानं लिहायची. मी तर पहिल्या टर्मला हात दुखतो म्हणून रडले होते. तेव्हा आत्ता वाचू बिचू नकोस, रोज एक पान इंग्रजीत लिही, बारावीच्या बायोचंच कुठलंही टॉपिक, हृदय, किडनी, आकृती काढून नावं देऊन. ह्युमन फिजिओलॉजीचे धडे तेवढे डोक्यात ताजे ठेव. केमिस्ट्री विसरलीस तरी कुणी विचारत नाही :))

मोबाईलवरचे ऍनाटॉमीचे व्हिडिओ चालतात पण हाड हातात घेऊन फिरवल्याशिवाय डोक्यात बसत नाही. हाडांचे सेट सीनियरकडून मिळतात, नवीन विकत घेऊ नकोस.

सिस्टर_इनचार्ज | २१ जून, सकाळी ५:५०
नाईट संपवून लिहितेय. नर्सिंगला अजूनही आपल्या समाजात नाक मुरडतात आणि त्याच घरातली माणसं ऍडमिट झाली की सिस्टर सिस्टर करतात. बाळ, तू नर्सिंगची सीईटी दिली नाहीस, तरी इतर मुलींसाठी लिहिते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, आपल्या राज्यात त्याची वेगळी सीईटी असते, नीटवर नाही, फॉर्म नीटच्या गडबडीतच निघून जातो. मिलिटरी नर्सिंग मात्र नीटच्या मार्कांवर आहे, फक्त मुलींसाठी, पुण्याचं एएफएमसी, मुंबईचं अश्विनी ही त्यातलीच कॉलेजं, शिक्षण सरकारी खर्चाने आणि नंतर अधिकारी म्हणून नोकरी. स्पर्धा मोठी आहे.

डिग्रीनंतर एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा आहे, तिथल्या नर्सिंग ऑफिसरचा पगार बघून आमच्या वॉर्डातले ज्युनिअर डॉक्टर गप्प झाले होते. परदेशात जायचं तर इंग्लंडला ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, मग त्यांच्या दोन परीक्षा. जर्मनीला बी२ पर्यंत जर्मन. माझ्या हाताखालच्या मुली ड्यूटी करून रात्री जर्मन शिकतात. पण आधी हे ठरव की तुला पेशंटची घाण काढायला, उलटी झेलायला, रात्रीची जागायला चालेल का. नाही म्हणण्यात लाज नाही. हो म्हणून नंतर आयुष्यभर कुरकुरणाऱ्या खूप बघितल्या.

मांडवीकाठ | २१ जून, दुपारी १२:१५
गोव्याचे कुणी वाचत असतील तर, आमच्याकडे हे सगळं वेगळं चालतं. बांबोळीचं गोवा मेडिकल, प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाकडून, आणि गोव्यातल्या वास्तव्याची अट कडक आहे. सिंधुदुर्गातली मुलं उपचाराला बांबोळीला येतात पण शिकायला त्यांना महाराष्ट्राच्याच यादीतून जावं लागतं.

सेतू_केंद्र | २१ जून, संध्याकाळी ६:३०
कागदपत्रांवर कुणी बोलत नाही आणि सीट जातात त्या कागदपत्रांनीच. वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र तहसीलदारांचं, आत्ताच काढा. दादा, ओपनमधून भरलाय म्हणता, पण ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी लागू होत असेल तर चौकशी करा, एसईबीसीला नॉन क्रीमी लेयर आणि जात पडताळणी पण लागते, तिला वेळ लागतो, अर्जाची पावती जपून ठेवा.

का सांगतोय, तर जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, प्रायव्हेट कॉलेजात सुद्धा, फक्त ऍडमिशन कॅप राऊंडमधून हवी. मॅनेजमेंट कोटा नाही, अभिमत विद्यापीठ नाही. म्हणजे एजंटमार्फत "सीट बुक" केली की माफी गेली. अर्ज महाडीबीटीवर. हॉस्टेल-मेस यात येत नाही. आणि कॉलेज डेव्हलपमेंट फी म्हणून काहीबाही सांगतात, त्यांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर असते, ती छापून घेऊनच ऑफिसात जा.

द्राक्षबाग | ६ जुलै, रात्री १०:००
अपडेट देतो. सेतूवाल्या भाऊंमुळे तहसीलला जाऊन आलो, दाखले मार्गी लागलेत. दोन कॉलेजं लेकीला घेऊन प्रत्यक्ष बघितली, नावं लिहीत नाही. एकाची इमारत अशी की विमानतळावर आल्यासारखं वाटावं, काचा, लिफ्ट, स्मार्ट बोर्ड. ओपीडीत सकाळी साडेदहाला चार माणसं, त्यातले दोघे कॉलेजचेच शिपाई निघाले, केसपेपर घेऊन बसवलेले. दुसरं कॉलेज जुनाट, भिंतीला ओल, पण पॅसेजमध्ये पेशंटला उभं राहायला जागा नाही. लेक म्हणाली बाबा मला हे दुसरं. आता प्रश्न पसंतीक्रमाचा आहे. सायन-नायरचं ओटी वर टाकायचं की जवळचं प्रायव्हेट फिजिओ?

गुडघेदुखी | ६ जुलै, रात्री १०:४५
तुमच्या लेकीला नजर आहे. पेशंट नसलेल्या कॉलेजातून आलेली पोरं इंटर्नशिपला आमच्याकडे येतात तेव्हा त्यांनी पॅरालिसिसचा पेशंट पुस्तकातच पाहिलेला असतो. मी स्वतः फिजिओ असून सांगतो, म्युन्सिपाल्टीच्या हॉस्पिटलातलं ओटी वर टाका.

मेरिटलिस्ट | ७ जुलै, सकाळी ७:२०
पसंतीक्रम भरताना "इथे मिळणार नाही म्हणून खाली टाकू" असं करू नका. तुम्हाला जे सगळ्यात जास्त हवं ते सगळ्यात वर, मिळो न मिळो. वरचं नाही मिळालं म्हणून खालचा चान्स कमी होत नाही, यादी वरून खाली वाचली जाते आणि तुमचा नंबर जिथे बसतो तिथे थांबते. उलट जिथे जायचंच नाही ते नाव यादीतच नको, कारण पुढच्या राऊंडला लागलेली सीट नाकारली तर बाहेर पडायची वेळ येते. कुठल्या राऊंडपर्यंत मोकळं सुटता येतं आणि मिळालेली सीट कायम ठेवायचा फॉर्म कधी भरायचा हे यंदाच्या माहितीपत्रकात वाचा, यूट्यूबवर नको, नियम दरवर्षी हलतात.

मुंबईला लागली तर हॉस्टेल लगेच मिळेलच असं नाही, त्याची चौकशी आत्ता करा.

स्प्लिंटवाली | ७ जुलै, सकाळी ९:०५
हॉस्टेलचं मी बघते, आमच्या बॅचच्या मुली रूम शेअर करतात, मेसेज करते काकांना. आणि ओरिजिनल कागदपत्रं पहिल्या ऍडमिशनला कॉलेज ठेवून घेतं, पुढे महाडीबीटी, बँक, रेल्वे पास सगळ्यांना तीच लागतात. बारावीची मार्कशीट आणि एलसीच्या कलर झेरॉक्स भरपूर काढून ठेवा, शिवाय स्कॅन करून मेलवर. मुंबईत झेरॉक्सच्या दुकानात ऍडमिशनच्या आठवड्यात जी रांग असते ना..

बदलापूर_लोकल | ९ जुलै, दुपारी १:३०
उत्तम धागा. माझा मुलगा आत्ता दहावी झाला, अकरावीचं ऑनलाइन यंदा अख्ख्या राज्यात केलंय त्यात अजून लटकलोय. मॅथ्स ठेवावं की पीसीबीच घ्यावं?

लातूर_पॅसेंजर | ९ जुलै, दुपारी २:०५
मॅथ्स जड जात नसेल तर ठेवा, नीटला लागत नाही पण इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं. जड जात असेल तर सोडा, फार्मसी, फिजिओ, ओटी कशालाच अडत नाही. बाकी सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे द्राक्षबागवाल्यांना राऊंडचा निकाल टाकू दे.